गोरक्ष भाऊजींचं मागणं

माझे धाकटे दीर गोरक्ष भाऊजी यांनी कुणाकडे काही मागितलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. भाजीत मीठ नसलं तरी ते मीठ मागत नाहीत. तशीच खातात आणि वर म्हणतात, "छान झालीय वहिनी." मला याचा भयंकर राग येतो. मीठ विसरलं तर सांगावं की माणसानं. मी निगडीच्या प्राधिकरणात, शहरी वस्तीत वाढले. आमच्या घरी चहात साखर कमी पडली तरी त्यावर चर्चासत्र भरायचं. लग्न होऊन चाकणच्या पुढच्या या गावात आले, तर इथे हा असा माणूस. कंपनीत वर्षानुवर्षं कंत्राटी राहिले, पण पर्मनंट करा म्हणून साहेबांच्या केबिनची पायरी चढले नाहीत. शेवटी साहेबांनाच लाज वाटली आणि त्यांनी आपण होऊन केलं. अशा माणसानं थेट फिनलंडमधल्या एका बाईकडे मागणं मागितलं आणि त्यापायी आमचं अख्खं गाव कामाला लागलं, त्याची ही हकीकत आहे.

भाऊजी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. त्यांच्याकडे एक पद्धत आहे. लाइनवर काही अडलं की कामगारानं डोक्यावरची दोरी ओढायची. मग दिवा लागतो आणि स्पीकरवर एक धून सुरू होते. प्रत्येक लाइनची धून वेगळी. जुन्या व्हिडिओ गेममध्ये वाजायची तसली, चिरक्या आवाजाची, टिंगटिंग. ती ऐकून मेंटेनन्सवाल्यानं त्या लाइनकडे पळायचं. बाकी सगळ्यांना त्या आवाजाचा तिटकारा, कारण तो आला म्हणजे काम थांबलं आणि आता सुपरवायझर येणार. आमच्या भाऊजींना मात्र तो आवडायला लागला. घरी येऊन जेवता जेवता ते त्या धुना ताटावर बोटांनी वाजवायचे आणि सासूबाई हातावर चापट मारायच्या.

या धुना बनवतात कशा, हे शोधता शोधता त्यांना इंटरनेटवर एक निराळंच जग सापडलं. अशा आवाजांत संगीत रचणारी माणसं जगभर आहेत, आणि त्याला चिपट्यून म्हणतात. ते रचायचं सॉफ्टवेअर म्हणजे ट्रॅकर. दिसायला अगदी एक्सेलची शीट. उभे रकाने, आडव्या ओळी, ओळींत आकडे आणि अक्षरं. एकेक रकाना म्हणजे एकेक वाद्य. सुरू केलं की ओळी वर सरकत राहतात आणि मधल्या पट्टीवर जी येईल ती वाजते. मला सुरुवातीला वाटलं होतं, भाऊजी कंपनीचं प्रॉडक्शन घरी आणून भरतायत. मी यजमानांकडे तक्रारसुद्धा केली होती. भाऊजी वापरतात तो ट्रॅकर फिनलंडमधली हेल्मी नावाची बाई एकटीच लिहिते आणि फुकट वाटते. भाऊजींनी त्यावर धुनांमागून धुना रचल्या. काही खरंच सुंदर होत्या. एक तर मी शाळेत पोरांना कवायत शिकवताना वापरली आणि मुख्याध्यापिका बाईंनी ती कुठून आणली म्हणून विचारलं. मी ऐटीत सांगितलं, घरची आहे.

पण भाऊजींना माझी ऐट नको होती. त्यांना आबा हवे होते.

आबा म्हणजे माझे सासरे, सोपानराव. दोन वेळा सरपंच झालेले. जमिनीचा बराच भाग आता कंपन्यांच्या शेडखाली गेलाय, पण बैलांच्या चाऱ्याच्या तुकड्याला त्यांनी कुणाला हात लावू दिलेला नाही. माझे यजमान म्हणतात, आबांना जगात दोनच गोष्टी कळतात, निवडणूक आणि बैलगाडा. चैत्रात आमच्या भैरवनाथाची जत्रा असते आणि जत्रेत घाटावर बैलगाडे पळतात. घाट म्हणजे चढाची लांब पट्टी. निशाण पडलं की चार बैलांचा हलका गाडा सुटतो, पुढे स्वार घेऊन पळणारी घोडी, आणि बघता बघता सगळं वर पोचतं. एकेका गाड्याच्या पळीला बारी म्हणतात. बारी डोळ्यांनी बघायची असं मला वाटायचं. आबांनी सांगितलं, अर्धी बारी कानांनी बघायची असते. हलगी हळू सुरू होते, गाडा सुटताना अंग झाडते आणि बैलांबरोबर वर चढत जाते.

दर नवी धून भाऊजी आबांना ऐकवायचे. ऐका असं म्हणायचे नाहीत, कारण तेही मागणंच झालं. नुसते ओसरीवर लॅपटॉप उघडून बसायचे आणि आवाज मोठा करायचे. आबा थोडा वेळ ऐकायचे आणि मग त्यांना गोठ्यात काहीतरी काम निघायचं. एकही धून त्यांनी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. बैलांना इतक्या वेळा वैरण लागते हे मला त्या दिवसांत कळलं. आबा उठले की भाऊजी धून बंद करायचे, अर्ध्यावरच. ते मला बघवायचं नाही.

एकदा मी चिडून आबांच्या मागोमाग गोठ्यात गेले आणि विचारलंच, की नेमकं खटकतं काय तुम्हाला. आबा जरा चपापले. मग बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "वाईट न्हाई गं ते. पर त्याची लय चढत न्हाई. शिफ्ट लागल्यावानी वाजतंय. आत शिरल्यापास्नं भायेर पडंपत्तर एकच चाल."

गोठ्याच्या दारात भाऊजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता पडेल यांचा चेहरा. तर यांचे डोळे लकाकायला लागले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, आबा ऐकत होते म्हणजे. लक्ष देऊन ऐकल्याशिवाय हे कुणाला कळत नाही." आनंदानं त्यांना त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. भाजीत मीठ होतं की नव्हतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवसापासून ते लय चढवायच्या मागे लागले. आणि तिथेच गाडी अडली. त्या ट्रॅकरमध्ये वेग म्हणजे एक पूर्ण आकडा, आणि आकडा लहान तितका वेग जास्त. सहावरून पाच केला की धून एकदम झटका खाऊन पळायला लागायची, नवख्या ड्रायव्हरनं गिअर टाकावा तशी. मधलं काही नाही. हलगी अशी चढत नाही. भाऊजींनी नाना उपाय करून पाहिले, रात्रपाळी करून आले तरी झोपायच्या आधी तासभर खटपट करायचे, पण झटका काही जाईना. शेवटी एका रविवारी ते माझ्यासमोर येऊन बसले, बराच वेळ टेबलावरची धूळ पुसत राहिले आणि म्हणाले, हेल्मीबाईंना लिहायचं म्हणतोय, तुम्ही इंग्रजी बघून द्याल का.

मी तर उडालेच. भाऊजी आणि मागणार?

सॉफ्टवेअरच्या वेबसाइटवर वापरणाऱ्यांनी सुधारणा सुचवायची एक जागा आहे. लोक तिथे दोन ओळी खरडतात, अमुक बटण द्या, तमुक रंग द्या. भाऊजींना दोन ओळी खरडणं माहीत नाही. कंपनीत सुधारणा सुचवायची तर कायझेनचा तक्ता भरावा लागतो. वर समस्या लिहायची, खाली 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारून मूळ कारणापर्यंत जायचं, मग उपाय, मग फायदा. भाऊजींनी मागणी त्याच साच्यात लिहून आणली होती. समस्येच्या जागी लिहिलं होतं, 'वडील धून अर्ध्यात सोडून उठतात.' का? कारण लय चढत नाही. का? कारण वेग झटक्यानं बदलतो. असं करत करत उपाय आला, की या ओळीपासून त्या ओळीपर्यंत वेग आपोआप सरळ चढत जाईल अशी सोय द्यावी. आणि अपेक्षित फायदा, 'वडील शेवटपर्यंत बसतील.'

मी म्हटलं, भाऊजी, वडिलांचं कशाला, नुसती सोय मागा की. त्यावर हा मुखदुर्बळ माणूस चक्क ठाम झाला. म्हणाला, "कायझेनमध्ये खरी समस्या लपवायची नसते वहिनी." मी गुपचूप जसंच्या तसं इंग्रजीत लिहून दिलं. लिहिताना डोळे भरून आले, ते मी कांद्यावर ढकललं. टेबलावर कांदा नव्हता.

आता त्या जागेचा नियम असा, की प्रत्येक मागणीपुढे एक बाण असतो. पटली तर वापरणाऱ्यांनी तो दाबायचा, म्हणजे एक मत. पुढच्या आवृत्तीत काय घ्यायचं ते हेल्मीबाई मतं बघून ठरवतात. सगळ्यात वर स्क्रीनचा रंग गडद करण्याची मागणी होती, तिला शेकड्यांनी मतं. भाऊजींच्या मागणीला एक मत, त्यांचं स्वतःचं. आठवडा गेला, दोन गेले, आणखी दोघातिघांची भर पडली. जत्रा जवळ येत चालली. यंदा घाटावर निवेदन करणाऱ्या गणराजनं भाऊजींना सांगून ठेवलं होतं, की तुमच्या घरच्या गाड्याची बारी यायच्या आधी तुमची एखादी धून स्पीकरवर लावू. आबा तेव्हा समोरच मांडवात बसलेले असणार. भाऊजींच्या मनात काय होतं ते मला न सांगता कळत होतं. गोठ्याचं कारण घाटावर चालत नाही.

एका सकाळी आबांनी मला विचारलं, की गोरक्ष सारखा त्या मोबाईलमध्ये काय बघतो, पोरगी-बिरगी हाय का. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. कायझेनमधलं वडिलांचं कलम तेवढं गाळलं. मागणी, बाण, मतं. 'मतं' म्हटल्याबरोबर आबा ताठ बसले. मागची निवडणूक ते थोडक्यात हरले होते आणि तेव्हापासून त्यांचे हात शिवशिवत होते.

"मतदान हाय व्हय? आणि पोरगं घरात गप बसलंय?"

मी घाईघाईनं सांगितलं, आबा, ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं मतदान आहे, गावाचं नाही. पण आबा टोपी चढवून बाहेर पडलेसुद्धा होते. मला शाळेला उशीर होत होता. निवडणूक लागल्यावर आबांना अडवणं भल्याभल्यांना जमलेलं नाही.

संध्याकाळी परत येते तर भैरवनाथाच्या देवळापुढे ही गर्दी. यात्रा कमिटीची बैठक होती, तिथेच आबांनी बूथ लावला होता. गणराज एकेकाचा मोबाईल घेऊन खातं उघडून देत होता, आबा यादीवर खुणा करत होते. भजनी मंडळ झालं, महिला बचत गट झाला, तालमीतली पोरं झाली. कहर म्हणजे विरोधी पार्टीही आली होती. गावाच्या इज्जतीचा सवाल आहे म्हणून आबा स्वतः त्यांच्या दारात गेले होते. मतासोबत काहीतरी लिहावं लागतं असं कुणीतरी म्हणालं, म्हणून गणराजनं इंग्रजीत एक वाक्य तयार करून सगळ्यांना पाठवलं होतं. त्याचा अर्थ, गोरक्षभाऊंची मागणी तीच आमची मागणी. सगळ्यांनी तेच चिकटवलं. एक खातं तर आमच्या बावऱ्या बैलाच्या नावानं निघालं होतं, फोटोसकट. तासाभरात भाऊजींची मागणी गडद रंगाला मागे टाकून सगळ्यात वर. पोरांनी गुलाल काढला. खरं सांगते, धोका दिसत असूनही त्या गोंधळात माझं काळीज आनंदानं उड्या मारत होतं. कामावरून घरी आलेल्या भाऊजींच्या कपाळालाही आबांनी गुलाल लावला. आबांनी त्यांच्यासाठी काही केलं, हेच त्यांना पुरे होतं. ते नुसते हसत राहिले.

सकाळी भाऊजींनी लॅपटॉप उघडला आणि तसेच बसून राहिले. मागणी बंद केलेली होती. वर लाल अक्षरांत लिहिलं होतं, की खोट्या खात्यांवरून मतं घातल्यामुळे ही मागणी रद्द करण्यात येत आहे. खाली भाऊजींचं खातंही गोठवलेलं. त्यांनी रचलेल्या सगळ्या धुना त्या खात्यावर होत्या. जगभरातल्या ओळखीच्या लोकांनी त्या ऐकलेल्या होत्या, त्यांच्याशी बोलणी झालेली होती. आता त्या नावापुढे 'फसवणूक' असा शब्द होता.

भाऊजी म्हणाले, "जाऊ द्या वहिनी," आणि डबा न घेता कंपनीत निघून गेले.

तेवढ्यात आबा गोठ्यातून हात पुसत आले आणि हसून म्हणाले, आलो का निवडून? माझा तोल गेला. सासऱ्यांशी बोलायची रीत मी विसरले. मी त्यांना लाल अक्षरं मराठीत वाचून दाखवली, आणि मग मूळ कायझेनही वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. वडील धून अर्ध्यात सोडून उठतात. अपेक्षित फायदा, वडील शेवटपर्यंत बसतील. आबा ओसरीच्या कडेला टेकले. मग म्हणाले, "मला वाटलं, त्याला मी ऐकलेलं नको असंल. म्हातारं माणूस आडाणी, उगा नावं ठेवायचं. म्हणून उठायचो."

हे असे दोघे बापलेक. एक मागत नाही, दुसरा विचारत नाही, आणि मध्ये बैल वैरण खाऊन लठ्ठ होतायत.

पण आबा बसून राहणाऱ्यातले नाहीत. त्या रविवारी घाटावर गाड्यांचा सराव होता. आबांनी निरोप धाडला, की ज्यानं ज्यानं मत दिलं त्यानं घाटावर यायचं. आणि आले की सगळे, कामावर गेलेले सोडून. आबांनी त्यांना चढावर ओळीनं उभं केलं, मला मोबाईल धरायला सांगितलं आणि स्वतः पुढे येऊन उभे राहिले. भाऊजी मागे तोंड लपवत होते. आबा कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागले, सभेत बोलतात त्या आवाजात.

"हेल्मीबाई, मी सोपान. ती मतं मी घेतली, पोरानं न्हाई. ही समदी माणसं खरी हायेत, मोजून घ्या. यातल्या एकाला बी तुमचं सॉफ्टवेअर चालवता येत न्हाई, ती चूक माझी. मतं रद्द करा. पर पोराचं मागणं खोटं न्हाई. ते काय मागतंय, आता ऐका."

त्यांनी हात वर केला. दत्तोबा हलगीवाल्यानं थाप मारली. वर निशाण पडलं आणि आमचा गाडा सुटला. मी आयुष्यात पहिल्यांदा बारी कानांनी पाहिली. गाड्यामागे मोबाईल फिरवता फिरवता चित्रण सगळं हललेलं आहे; पण हलगी मात्र अशी स्वच्छ आलीय की आजही ऐकताना अंगावर काटा येतो. आबांच्या बोलण्याचं इंग्रजी खाली लिहून मी तो व्हिडिओ हेल्मीबाईंच्या पत्त्यावर पाठवून दिला. बैलाच्या खात्याबद्दल वेगळी माफी मागितली.

उत्तर येईपर्यंत घरात कुणाचं कशात लक्ष नव्हतं. आबा मला शाळेतून आल्या आल्या विचारायचे, टपाल आलं का. आणि एके दिवशी आलं. हेल्मीबाईंनी लिहिलं होतं, की नियम तो नियम, गावाची मतं धरता येणार नाहीत, बैलाचं तर नाहीच. मात्र भाऊजींचं खातं त्यांनी खुलं केलं होतं आणि तो शब्द पुसून माफीही मागितली होती. पुढे लिहिलं होतं, की इतकी वर्षं लोक मला काय हवं ते सांगतात, का हवं ते इतक्या खरेपणानं कुणी सांगितलं नव्हतं. ही सोय मी मतांशिवाय करणार आहे. फक्त एक विचारायचं आहे. तुम्ही वेग सरळ रेषेत चढवायला सांगितलाय, पण व्हिडिओतली हलगी मला सरळ चढताना दिसत नाही. ती नक्की कशी चढते?

भाऊजींनी ते तीनदा वाचलं आणि कपाळावर हात मारला. मागण्यातच चूक होती. कंपनीतल्या मोटरचा वेग सरळ चढतो, म्हणून त्यांनी हलगीही तशीच धरली होती. मग ते उठले, गोठ्यात गेले, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं. ते म्हणाले, "आबा, जरा येता का? मला तुमी पाहिजे."

पुढचे काही दिवस ओसरीवर बापलेकांचा कारखाना चालला. आबा पत्र्याच्या डब्यावर बोटांनी ठेका धरायचे, भाऊजी तो टिपून घेऊन त्याची रेघ काढायचे. आबा मध्येच हात धरायचे. इथे घाई नको, इथे दम खाऊ दे, बैल अजून अंग चोरतायत, हां, आता सोड. असं करत जी रेघ आली ती सरळ नव्हतीच. आमच्या घाटासारखी होती, आधी सपाट, मध्ये एक टप्पा, मग उभा चढ. ती फिनलंडला गेली. तिकडून चाचणीची आवृत्ती आली. पहिल्या खेपेला लय चढली ती थांबेचना. लॅपटॉप असा काही किंचाळला की सासूबाई देवपूजा टाकून बाहेर आल्या. भाऊजींनी लगेच दोष कळवला, या वेळी मला न विचारता, स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. बाईंनी तो काढला. भाऊजींनी आणखी एक खोट दाखवली, तीही काढली. मागायची एकदा चटक लागली की अशी लागते. त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, वहिनी, आमटीला मीठ कमी आहे. मी आनंदानं मिठाची बरणीच पुढ्यात ठेवली.

धून मात्र त्यांनी आबांना ऐकवली नाही. ठेका दोघांनी मिळून बसवला होता, पण त्यावरची पुरी रचना भाऊजींनी कानाला हेडफोन लावून एकट्यानं केली. ती घाटावरच वाजणार होती.

जत्रेचा दिवस उजाडला. घाटाच्या दोन्ही अंगांना माणूस मावत नव्हता. आबा मांडवात पुढच्या खुर्चीवर, फेटा बांधून. मी बायकांच्या बाजूला, पण तिथून मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता. गणराजनं आमच्या गाड्याचं नाव पुकारलं, गाडा जुंपायला सुरुवात झाली आणि भाऊजींनी स्पीकरच्या ढिगाऱ्यामागे लॅपटॉपचं बटण दाबलं.

तोच चिरका, टिंगटिंग आवाज. लोक आधी हसले. कुणीतरी म्हणालं, गेम लागला का काय. खाली ठेका हळू चालू होता, आणि त्यावर एक सूर, कंपनीतल्या दोरीच्या धुनेसारखा, पण मोकळा. मग ठेका दम खाऊन थांबल्यासारखा झाला. हसणं बंद झालं. आणि लय चढायला लागली. झटका नाही, गिअर नाही. ती चढत होती आणि घाटावरची माणसं नकळत पुढे झुकत होती. माझ्या शेजारच्या आक्काबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

तेवढ्यात आबा उठले.

स्पीकरमागून भाऊजींनीही ते पाहिलं. सवयीनं त्यांचा हात बंद करायच्या बटणाकडे गेलेला मला दिसला. पण आबा निघून गेले नाहीत. त्यांना बसवतच नव्हतं. ते खुर्चीपुढे उभे राहिले, उभ्यानं मांडीवर ठेका धरला, आणि धून वर वर जात शेवटच्या थापेवर संपेपर्यंत जागचे हलले नाहीत. संपल्यावरही क्षणभर तसेच. मग ते सरळ गणराजकडे गेले आणि त्याच्या हातून माइक घेतला. जत्रेत आबा माइक घेतात ते बक्षिसं जाहीर करायला. गर्दी शांत झाली.

"आत्ता जे वाजलं, ते माझ्या गोरक्षनं केलंय," आबा म्हणाले. त्यांनी खाकरून घेतलं. "कुणाला आवडलं नसंल, तर मला येऊन सांगा. त्याला न्हाई."

आणि माणसं सांगायला आली की हो. आमची बारी झाली, गाडा झकास पळाला, आणि त्यानंतर मांडवात आबांपुढे रांग लागली. एकाला आवाज चिरका वाटला. एकाला शेवट लांबवून हवा होता. तालमीच्या पोरांना कुस्त्यांसाठी वेगळी धून हवी होती, आणि एका म्हातारबुवांना यात बासरी कुठे आहे हे जाणून घ्यायचं होतं. सरपंच असताना ज्यांनी कुणाचं गाऱ्हाणं पुरं ऐकून घेतलं नाही, ते माझे सासरे एकेकाला समोर बसवून शेवटपर्यंत ऐकत होते. मी भाऊजींना बोलवायला स्पीकरमागे गेले. ते जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडत होते, आणि डोळे पुसायला त्यांनी माझ्याकडे रुमाल मागितला.